व्होल्टेज नेमकं कुठं पडतं? जुन्या कॉम्प्युटरच्या साउंड कार्डवर वीज तपासण्याची पूर्ण पद्धत

तासगावजवळ माझ्या मावसभावाचं बेदाणा साफ करण्याचं युनिट आहे. ऐन हंगामात त्याचा कलर सॉर्टर, म्हणजे रंग बघून बेदाणा निवडणारं मशीन, दिवसातून चार-पाच वेळा आपोआप बंद होऊन परत चालू व्हायचा. मशीन उठायला तीन-चार मिनिटं लागायची. तेवढ्यात बेल्टवरचा माल न निवडताच पुढं निघून जायचा आणि बायकांना तो घमेल्यानं पुन्हा वर ओतावा लागायचा. मशीनवाल्याचा माणूस म्हणाला, लाईट खराब आहे. वायरमननं मल्टिमीटर लावला तर २२८ व्होल्ट. तो म्हणाला, लाईट एकदम ओके आहे, मशीनच खराब असणार. दोघंही प्रामाणिक होते आणि दोघांकडंही पुरावा नव्हता.

साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीन वेळा आकडा बदलतो आणि तोही सरासरी काढून. आपली वीज मात्र सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते. व्होल्टेज पाव सेकंद १७० वर आलं आणि परत सावरलं, तर मल्टिमीटरवर एखादा आकडा थोडा हलल्यासारखा दिसतो, बस. मशीनच्या आतल्या कंट्रोल कार्डाला मात्र तेवढा वेळ पुरतो.

हे पकडायला पॉवर क्वालिटी ॲनालायझर नावाचं यंत्र मिळतं, पण छोट्या युनिटनं विकत घ्यावं अशी त्याची किंमत नसते. त्याचं बरंचसं काम घरात पडून असलेल्या डेस्कटॉपचं साउंड कार्ड करू शकतं. साउंड कार्ड म्हणजे आवाजाच्या जागी आलेलं कुठलंही छोटं व्होल्टेज सेकंदाला ४८,००० वेळा मोजणारं यंत्र. ५० हर्ट्झच्या एका फेऱ्यात ९६० मोजणी होतात. आपल्या कामाला हे गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे.

मी हे कसं केलं ते क्रमानं लिहितो. इलेक्ट्रिकचं थोडंफार काम येत असेल आणि सोल्डरिंग जमत असेल तर दोन रविवारांत होतं.

सुरुवातीला जिवाची गोष्ट

२३० व्होल्टची लाईन रेझिस्टर लावून थेट कॉम्प्युटरला जोडायची नाही. इंटरनेटवर असे सर्किट दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हिशोबानं व्होल्टेज कमी होतं हे खरं, पण फेज आणि न्यूट्रल उलटे झाले किंवा एक रेझिस्टरचा टाका निघाला की कॉम्प्युटरची सगळी बॉडी फेजवर येते. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच, म्हणजे लाईन आणि कॉम्प्युटर यांच्यात तारेची जोडणी राहत नाही.

दुसरं, जे काही कराल ते मीटरच्या पुढं, स्वतःच्या बोर्डात. मीटर पेटीच्या सीलला हात लावायचा नाही. बोर्ड उघडायचा असेल तर परवानाधारक वायरमन बरोबर घ्या आणि मेन स्विच पाडून, टेस्टरनं खात्री करून मगच हात घाला. ज्या लाईनवर प्रयोग करणार तिथं ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट अंगातून गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर फार चांगलं.

काय काय लागतं

मागच्या बाजूला निळं सॉकेट असलेला जुना डेस्कटॉप. निळं म्हणजे लाईन-इन, गुलाबी म्हणजे माईक, हिरवं म्हणजे स्पीकर. आपल्याला निळं पाहिजे, कारण ते स्टिरिओ असतं: एका बाजूला व्होल्टेज, दुसऱ्या बाजूला करंट. लॅपटॉपच्या जॅकला बहुतेक वेळा एकच माईकची बाजू असते. स्वस्त यूएसबी साउंड कार्डांचंही तसंच. लॅपटॉपच वापरायचा असेल तर स्टिरिओ लाईन-इन असलेलं यूएसबी कार्ड शोधून घ्या. लॅपटॉपचा फायदा एवढाच की त्याची बॅटरी धड असेल तर लाईट गेल्यावरही नोंद चालू राहते. डेस्कटॉपला त्यासाठी छोटा यूपीएस लागेल, ६०० व्हीएचा पुरतो.

रेडिओ-टीव्हीच्या सुट्या सामानाच्या दुकानात मिळणारे ९-०-९ चे, ५०० मिलीअँपचे दोन सारखे ट्रान्सफॉर्मर. दोन का, ते पुढं सांगतो. लाईनकडच्या वायरीत घालायला १०० मिलीअँपचा काचेचा फ्यूज, होल्डरसकट. २२ किलोओहम आणि १ किलोओहमचे मेटल फिल्म रेझिस्टर. १एन४१४८ नंबरचे सहा डायोड. करंटसाठी उघडून वायरभोवती बसवता येणारा १०० अँपिअर : ५० मिलीअँपचा सीटी, म्हणजे वायर न तोडता करंट मोजणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, ऑनलाईन एससीटी-०१३-००० या नंबरानं मिळतो. त्याला १० ओहमचा रेझिस्टर. प्लास्टिकची जंक्शन पेटी, ऑडिओची शिल्डेड वायर, ३.५ मिलीमीटरची स्टिरिओ पिन. आणि उसना का होईना, ट्रू आरएमएस लिहिलेला, म्हणजे लाट वाकडी असली तरी खरा आकडा देणारा, एक चांगला मल्टिमीटर.

पेटी बांधणं

स्वस्त ट्रान्सफॉर्मर जेमतेम २३० व्होल्टच्या हिशोबानं गुंडाळलेले असतात. २४५ झाले की त्यांचा कोअर भरून येतो, ते गुणगुणतात, गरम होतात आणि त्यांच्यातून बाहेर येणारी लाट वाकडी होते. मग आपण लाईनचा दोष मोजतोय की ट्रान्सफॉर्मरचा, हेच कळत नाही. म्हणून दोन सारखे ट्रान्सफॉर्मर घेऊन त्यांच्या प्रायमरी (लाईनकडच्या गुंडाळ्या) एकापुढं एक, सिरीजमध्ये जोडायच्या. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ११५ व्होल्ट येतात आणि तो आरामात चालतो. सेकंडरीसुद्धा (कमी व्होल्टेज देणाऱ्या गुंडाळ्या) सिरीजमध्येच जोडायच्या, प्रत्येकाची ० आणि ९ अशी एकच बाजू घेऊन. म्हणजे दोघांत व्होल्टेजची वाटणी थोडी कमी-जास्त झाली तरी बेरीज बरोबर राहते.

याचा अजून एक मोठा फायदा आहे. डीपीवर, म्हणजे लाईनच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल तुटला तर एखाद्या फेजवर ४०० व्होल्टपर्यंत मजल जाऊ शकते. एकटा ट्रान्सफॉर्मर तिथं जळतो. दोघं मिळून तग धरतात, आणि नेमकी तीच घटना नोंदवायला तर आपण बसलेलो असतो.

जोडून झालं की सेकंडरीच्या दोन टोकांवर मीटर धरा. १० ते १२ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, कारण लोड नसताना ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर थोडं जास्तच देतो. जवळपास शून्य दिसलं तर एका सेकंडरीची टोकं उलटी लागली आहेत. लाईन बंद करा, टोकं अदलाबदल करा.

आता हे ११ व्होल्ट साउंड कार्डाला झेपतील एवढे खाली आणायचे. लाईन-इनला साधारण १ व्होल्ट आरएमएसपर्यंत चालतं. २२ किलोओहम आणि १ किलोओहम सिरीजमध्ये लावून १ किलोओहमवरचं व्होल्टेज घेतलं की ११ चा तेविसावा भाग, म्हणजे ०.४८ व्होल्ट मिळतो. लाईन ४०० झाली तरी ०.८३ होईल, म्हणजे लाट वरून कापली जाणार नाही. संरक्षणासाठी १ किलोओहमला समांतर डायोड लावायचे: तीन एका दिशेनं एकामागं एक, तीन उलट्या दिशेनं. दोनच लावले तर ते शिखराजवळ हळूच करंट पिऊ लागतात आणि लाट किंचित चपटी होते. तीन लावले की आपल्या ०.७ व्होल्टच्या शिखराला ते हातही लावत नाहीत.

सीटीच्या दोन वायरींमध्ये १० ओहमचा रेझिस्टर आधी टाका, मग सीटी वायरीवर बसवा. करंट वाहत असताना सीटीची सेकंडरी उघडी राहिली तर तिच्यावर घातक व्होल्टेज तयार होऊ शकतं. छोट्या क्लिपच्या सीटीत आत संरक्षण दिलेलं असतं, पण सवय चांगली लावून घ्यावी. १०० अँपिअरला ०.५ व्होल्ट मिळतील. सीटी एकाच फेजच्या वायरीभोवती बसवायचा. तिन्ही फेज किंवा फेज-न्यूट्रल एकत्र धरले की करंट एकमेकांना मारतात आणि आकडा शून्य येतो. क्लिपच्या दोन पाकळ्यांमध्ये धूळ किंवा बेदाण्याचा चिकटा राहिला तरी आकडा चुकतो. बसवण्यापूर्वी कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

पिनच्या टोकाला व्होल्टेज, मधल्या कड्याला करंट, मागच्या भागाला दोन्हींची कॉमन. झाली पेटी.

मावसभावाकडं पेटीचा प्लग जवळ दिसलेल्या सॉकेटमध्ये घातला, आणि ते होतं यूपीएसचं. यूपीएसच्या आउटपुटला लावली तर आपण यूपीएसची तब्येत मोजतो, लाईनची नाही. पेटी भिंतीच्या सॉकेटला, कॉम्प्युटर यूपीएसला. ज्या फेजवर त्रासाचं मशीन आहे, तोच फेज घ्या आणि सीटीही त्याच फेजवर बसवा.

कॉम्प्युटरला गप्प बसवणं

इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात. साउंड कार्डाचं सॉफ्टवेअर तुमच्या भल्यासाठी आवाज 'सुधारत' असतं, आणि ५० हर्ट्झची गुणगुण हा त्याच्या दृष्टीनं काढून टाकण्याचा कचरा. आपल्याला मोजायची तीच गुणगुण आहे. त्यामुळं विंडोजमध्ये रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन एन्हान्समेंट, नॉइज सप्रेशन, इको कॅन्सलेशन, ऑटोमॅटिक गेन, जे दिसेल ते सगळं बंद करा. ऑटोमॅटिक गेन चालू राहिला तर व्होल्टेज पडल्या पडल्या सॉफ्टवेअर आवाज वाढवून देतं आणि पडझड दिसतच नाही.

लिनक्स असेल तर काम सोपं होतं. अल्सामिक्सर उघडून इनपुट लाईनवर ठेवा, बूस्ट शून्य करा आणि लेव्हल एकदा ठरवली की ती पक्की सेव्ह करा. लेव्हलची पट्टी नंतर कुणी हलवली तर सगळं कॅलिब्रेशन वाया जातं. मी मॉनिटरवर चिठ्ठी डकवली होती, 'आवाजाला हात लावू नये'.

मग ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर उघडा, ४८,००० चा दर ठेवा, दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि झूम करत जा. गोल, सुबक लाट दिसेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी लाटेचं डोकं थोडं चपटं दिसतं. एलईडी दिवे, टीव्ही, कॉम्प्युटर, चार्जर हे सगळे लाटेच्या शिखरावरच करंट ओढतात, म्हणून शिखर दबतं. माथा सरळ रेषेत, कात्रीनं कापल्यासारखा दिसला तर मात्र तो आपल्या इनपुटचा दोष आहे, लेव्हल कमी करा. शिखर ऑडॅसिटीच्या पट्टीवर ०.४ ते ०.५ च्या दरम्यान ठेवलं की वर पुरेशी मोकळीक राहते.

आकड्याला अर्थ देणं

साउंड कार्ड व्होल्ट सांगत नाही, नुसता आकडा देतं. ट्रू आरएमएस मीटर त्याच सॉकेटवर धरा, एक मिनिट व्होल्टेज स्थिर दिसेल तेव्हा दोन्ही आकडे लिहून घ्या. हेच दिवसभरात आठ-दहा वेळा करा: पहाटे, दुपारी, रात्री आठला. मीटरचा आकडा भागिले साउंड कार्डाचा आकडा, हा आपला गुणक. ही संख्या दर वेळी जवळपास तीच यायला हवी. एक टक्क्याच्या आत राहिली तर पेटी चांगली आहे.

ज्यांना घाई आहे त्यांनी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जावं. तिथं डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणारं यंत्र, असतं. १६० पासून २६० पर्यंत दहा-दहा व्होल्टनं वाढवत नेऊन कागदावर आलेख काढला की सरळ रेष मिळते. मी मिरजेत एका ओळखीच्या रिवाइंडरकडं हे अर्ध्या तासात उरकलं. साधा, ट्रू आरएमएस नसलेला मीटर यासाठी घेऊ नका. चपट्या माथ्याच्या लाटेवर तो चुकतो आणि तीच चूक तुमच्या सगळ्या नोंदींत उतरते.

करंटसाठी इस्त्री किंवा गिझर उत्तम. क्लॅम्प मीटरनं करंट बघा आणि गुणक काढा. छोट्या लोडला सीटीतून वायरीचे पाच वेढे नेले तर पाचपट वाचन मिळतं आणि अचूकपणा वाढतो. इस्त्रीचा पॉवर फॅक्टर १ असतो, म्हणून व्होल्टेज आणि करंटच्या लाटा त्या वेळी एकावर एक बसल्या पाहिजेत. थोडं अंतर दिसलं तर ते ट्रान्सफॉर्मर आणि सीटीचं आहे, तेवढी मोजणी प्रोग्राममध्ये मागं-पुढं सरकवून टाका. सीटी उलटा बसला असेल तर लाट पूर्ण पालथी दिसेल.

प्रोग्रामनं काय करायचं

मी पायथनमध्ये नमपाय आणि साउंडडिव्हाइस या लायब्रऱ्या घेऊन लिहिला. कुठल्याही भाषेत लिहा, तर्क असा: एका फेऱ्याच्या ९६० मोजण्या घ्या, प्रत्येकीचा वर्ग करा, सरासरी काढा, वर्गमूळ घ्या, गुणकानं गुणा. हे झालं त्या फेऱ्याचं आरएमएस व्होल्टेज. मग ४८० मोजण्या, म्हणजे अर्धा फेरा, पुढं सरका आणि पुन्हा तेच. दर १० मिलिसेकंदांना एक आकडा मिळतो. महागडी यंत्रंही याच रीतीनं व्होल्टेजची पडझड पकडतात. आयईसी ६१०००-४-३० या आंतरराष्ट्रीय मानकात हीच पद्धत दिली आहे.

नोंद कधी करायची? २३० च्या ९० टक्के म्हणजे २०७ च्या खाली आलं की 'पडलं', ११० टक्के म्हणजे २५३ च्या वर गेलं की 'चढलं', २३ च्या खाली गेलं की 'गेली'. भारतीय मानक आयएस १२३६० मध्ये २३० ला १० टक्के कमी-जास्त धरलं आहे, त्यामुळं या मर्यादा मनाच्या नाहीत. घटना संपली असं मात्र २०७ ला म्हणू नका, २१२ पर्यंत वर येऊ द्या. नाहीतर काठावर रेंगाळणारं व्होल्टेज एका घटनेच्या पन्नास घटना करून ठेवतं.

सगळं रेकॉर्डिंग साठवू नका. दोन बाजू, १६ बिट, ४८,००० चा दर, म्हणजे दिवसाला साडेसोळा जीबी. मी शेवटची पाच सेकंदं मेमरीत फिरती ठेवतो. घटना घडली की तिच्या आधीचे दोन आणि नंतरचे तीन सेकंद फाईलमध्ये उतरवतो. बाकी वेळी दर १० मिनिटांची सरासरी, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त, एवढ्या तीन संख्या. वर्षभराची वही पेनड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावते. कॉम्प्युटरचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून ठेवा. वेळ चुकली तर शेजारच्या युनिटच्या किंवा सबस्टेशनच्या नोंदीशी ताडून बघता येत नाही.

प्रोग्रामिंग अजिबात येत नसेल आणि घरात यूएसबीची तार असलेला यूपीएस असेल, तर नेटवर्क यूपीएस टूल्स हे फुकट सॉफ्टवेअर बघा. बरेच यूपीएस इनपुट व्होल्टेज सांगतात, पण साधारण दोन सेकंदांनी एकदा. संध्याकाळी व्होल्टेज किती उतरतं एवढं कळायला ते पुरतं. माझ्या मावसभावाचा प्रश्न त्यानं सुटला नसता.

फ्रिक्वेन्सी, जाता जाता

लाट शून्य ओलांडते त्या वेळा मोजून दहा सेकंदांची फ्रिक्वेन्सी काढता येते. साउंड कार्डाचं क्रिस्टल, म्हणजे त्याचं आतलं घड्याळ, दहा लाखांत ५० भागांनी चुकलं तरी ५० हर्ट्झमध्ये चूक ०.००२५ हर्ट्झच होते. तुमच्या मशीनचा दोष शोधायला याचा फारसा उपयोग नाही, पण मला ही रेष तासन् तास बघत बसावीशी वाटते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईननं दक्षिणेची ग्रीड बाकीच्या देशाला जोडली गेली, तेव्हापासून तासगावात दिसते तीच फ्रिक्वेन्सी श्रीनगरात आणि तिरुवनंतपुरमात असते. ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशभर दिवे मालवले, तेव्हा मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटनं उतरली आणि फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यान राहिली. अशा वेळी पटकन कमी-जास्त होणारी जलविद्युत केंद्रं कामाला येतात. आपल्या साताऱ्याच्या कोयनेचा १,९६० मेगावॉटचा प्रकल्प त्यांतलाच.

हार्मोनिक्स

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, पाचपट कंपनांचे स्वर उठतात, जवारी लावतात ते हे खुलवण्यासाठीच. मिरजेत वाढलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. विजेच्या लाटेतही ५० बरोबर १५०, २५०, ३५० हर्ट्झचे भाग मिसळलेले असतात, फक्त इथं ती जवारी नको असते. मोटारी आणि ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतात, आणि १५० हर्ट्झचा भाग तिन्ही फेजमधून न्यूट्रलमध्ये येऊन बेरीज होतो. फेजपेक्षा न्यूट्रलची वायर जास्त गरम लागते ती यामुळं.

मोजायला दहा फेऱ्यांचा, म्हणजे २०० मिलिसेकंदांचा तुकडा घेऊन त्याचं एफएफटी करा, म्हणजे लाटेत मिसळलेल्या फ्रिक्वेन्सी सुट्या करणारं गणित. दर ५ हर्ट्झला एक खांब मिळतो, दर दहावा खांब एकेका हार्मोनिकचा. सगळ्या हार्मोनिक्सच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ भागिले ५० हर्ट्झचा खांब, म्हणजे टीएचडी, लाट एकूण किती बिघडली त्याचं माप. आयईईई ५१९ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत कमी दाबाच्या लाईनवर व्होल्टेजचा टीएचडी ८ टक्क्यांपर्यंत आणि कुठलंही एकटं हार्मोनिक ५ टक्क्यांपर्यंत धरलं आहे. ५, ७, ११, १३ ही चौकडी ठळक दिसली तर कुठंतरी थ्री फेज व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारं यंत्र) चालू आहे. आपल्या स्वस्त ट्रान्सफॉर्मरवर मी पंधराव्या हार्मोनिकच्या पुढं विश्वास ठेवत नाही.

आता खरं काम: रेषा वाचणं

व्होल्टेजची रेष वर, करंटची खाली, वेळ एकच. घटनेचे पहिले दोन-तीन फेरे बघा. सगळं उत्तर तिथं असतं.

तुमचा करंट उसळला आणि त्याच फेऱ्यात व्होल्टेज पडलं, तर कारण तुमच्याच लोडमध्ये आहे. तुमची मोटार सुरू झाली आणि तिला लागणारा करंट वायर, जॉइंट, डीपी यांतल्या विरोधावर व्होल्टेज खाऊन गेला. तुमचा करंट होता तसाच राहिला किंवा व्होल्टेजबरोबर कमी झाला, तर कारण बाहेर आहे. शेवटच्या फेऱ्यांवरून निष्कर्ष काढू नका. बाहेरून पडलेलं व्होल्टेज परत आलं की मंदावलेल्या मोटारी पुन्हा वेग घेताना जास्त करंट ओढतात, आणि घाईत बघणाऱ्याला दोष आपलाच वाटतो.

बाहेरच्या घटनांनाही चेहरे असतात. व्होल्टेज पूर्ण शून्य, मग काही सेकंदांत परत, असं पावसात-वाऱ्यात झालं तर फांदी लाईनला लागून ब्रेकर पडला आणि पुन्हा चढला असं बहुधा असतं. शेतीच्या थ्री फेजची पाळी सुरू होते त्या मिनिटाला ऑटो स्विचवरच्या शेकडो मोटारी एकदम उठतात. फीडर वेगळा असला तरी सबस्टेशन एकच असेल तर धक्का इकडं जाणवतो. लाटेच्या अंगावर क्षणभर खाच आणि मग काही मिलिसेकंद झिणझिण दिसली तर कुठंतरी कपॅसिटर बँक (व्होल्टेज सावरायला लाईनवर जोडतात ते कपॅसिटर) चढली.

एक चेहरा मात्र दिसला की बघत बसायचं नाही. एका फेजचं व्होल्टेज २६०-२७० कडं चढतंय, दुसऱ्याचं १८० कडं उतरतंय आणि लोड बदलला की झोका बदलतोय, म्हणजे न्यूट्रल सुटत चालला आहे. मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा.

विजेचा कडकडाट झाल्यावर येणारा सर्ज या पेटीला दिसत नाही. तो मायक्रोसेकंदांचा खेळ, साउंड कार्डाच्या दोन मोजण्यांतच २१ मायक्रोसेकंद जातात. त्यासाठी सर्ज अरेस्टर लावा, मोजत बसू नका.

तासगावला काय निघालं

पहिल्या चार दिवसांत सतरा घटना. त्यांपैकी चौदा एकसारख्या: व्होल्टेज २२८ वरून १७१, आठ दशांश सेकंद. करंटच्या रेषेवर त्याच फेऱ्यात उभी उडी, १० अँपिअरवरून ७५. सॉर्टरला हवा पुरवणारा साडेसात एचपीचा कॉम्प्रेसर. हवेचा दाब उतरला की तो डायरेक्ट स्टार्टरवर, म्हणजे एकदम पूर्ण व्होल्टेजवर, उठायचा, आणि सॉर्टर त्याच्याच फेजवर होता.

हिशोब केला. ६५ अँपिअर वाढले आणि ५७ व्होल्ट पडले, म्हणजे वाटेत ०.८८ ओहम. डीपीपासूनची वायर लांब होती, तरी तिच्या मानानं हे फारच जास्त. मेन पाडून एकेक जॉइंट तपासला. आर फेजच्या किटकॅटचा (चिनी मातीच्या फ्यूजचा) बेस मागून काळा पडलेला, पितळी पट्टी निळसर, स्क्रू बोटानं फिरतोय. अर्धा ओहम त्या एका जागी असेल तर नुसत्या १० अँपिअरला ५० वॅट उष्णता होते, दोन सोल्डरिंग आयर्न त्या पेटीत दिवसभर चालू ठेवल्यासारखी. आग लागली नाही हे नशीब. वर बेदाण्याचे पुठ्ठ्याचे बॉक्स रचलेले होते.

किटकॅट काढून एमसीसीबी (मोठा ब्रेकर) बसवली, वायरीची टोकं कापून नवीन लग्ज क्रिंप केले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर उठताना व्होल्टेज २०४ वर थांबलं. ६५ अँपिअरला २४ व्होल्ट, म्हणजे ०.३७ ओहम, लांब वायरीला शोभेल असं. सॉर्टर हललाही नाही. पुढं कॉम्प्रेसरला मोटार हळूहळू उठवणारा सॉफ्ट स्टार्टर लावला तेव्हा ती घटनाच नोंदीतून गायब झाली.

उरलेल्या तीन घटना बाहेरच्या. करंट जागच्या जागी आणि व्होल्टेज एकदम खाली, त्यांपैकी दोन पहाटे शेतीची पाळी सुरू होताना. अशा घटना दोन आठवडे जमवल्या की तारीख, वेळ, सगळ्यात कमी व्होल्टेज, किती वेळ, एवढ्या चार रकान्यांचा तक्ता करा. सोबत एका घटनेच्या दोन्ही रेषांची प्रिंट लावा, ग्राहक क्रमांक टाका आणि अर्ज वीज कार्यालयात पोच घेऊन द्या. ही पेटी प्रमाणित नाही, हे अर्जात स्वतःच लिहा आणि त्यांच्या मीटरनं खात्री करून घ्यावी अशी विनंती करा. अधिकारी मग नेमक्या त्या वेळेची स्वतःची नोंद काढून बघू शकतो. उत्तर मिळालं नाही तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४२ प्रमाणे ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्या वर विद्युत लोकपाल.

मावसभावानं त्या तीन घटनांसाठी सॉर्टरच्या फक्त कंट्रोल कॉम्प्युटरला छोटा ऑनलाईन यूपीएस लावला. पेटी अजून तिथंच आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो ट्रू आरएमएस मीटर धरतो, दोन आकडे वहीत लिहितो आणि मला फोटो पाठवतो.